अभ्यासिकेतले २ आणि ५ नंबर परत बंद

बी-३०१ काकू: नमस्कार. अभ्यासिकेतल्या २ आणि ५ नंबर कॉम्प्युटरचा माऊस परत चालत नाहीये. मुलीची टायपिंगची परीक्षा पुढच्या आठवड्यात आहे, काल नुसती बसून परत आली. मागच्या महिन्यात पण मीच लिहिलं होतं, कृपया कमिटीने लक्ष घालावे 🙏

ए-१०२ काका: 🌹 शुभ सकाळ 🌹

सेक्रेटरी ए-२०४: काकू नोंद घेतली आहे. दोन नवीन माऊस मागवतो.

सी-४०३: परत नवीन? आधी आणलेले कुठे गेले? आणि एजीएममध्येच म्हणालो होतो की रिफर्बिश्ड, म्हणजे जुने दुरुस्त केलेले कॉम्प्युटर घेताय तर बिल ग्रुपवर टाका. अजून आलेलं नाही.

सेक्रेटरी ए-२०४: बिल फाईलमध्ये आहे, ऑफिसला येऊन कधीही बघा.

सी-४०३: ऑफिस उघडं कधी असतं तेही टाका मग.

सी-१०१ दादा: साहेब माऊस मागवू नका, थांबा जरा. आधीचे दोन्ही मी घरी लावून बघितलेत, चांगले आहेत. काकू, माऊसच्या खाली लाईट लागतो का?

बी-३०१ काकू: मुलगी म्हणते २ नंबरला नाही लागत. ५ ला लागतो पण बाण हलत नाही.

सी-१०१ दादा: मग दोन वेगळे प्रॉब्लेम आहेत. ५ ची पिन गोल हिरवी आहे ना? ते पीएस टू, माऊस-कीबोर्डची जुनी गोल जोडणी. कॉम्प्युटर चालू असताना पिन निघाली आणि परत घातली तर लाईट लागतो पण विंडोज त्याला ओळखत नाही, कारण तो माऊस मशीन सुरू होतानाच तपासला जातो. पूर्ण शटडाऊन करा, पिन नीट बसवा, मग चालू करा. जोर लावू नका, आत ६ बारीक काड्या असतात, एक वाकली की संपलं. आणि जांभळं भोक कीबोर्डचं, त्यात माऊस घालायचा नाही.

ए-१०२ काका: पीएस टू आयबीएमने १९८७ ला आणलं. आमच्या ऑफिसात ती मशीन आली तेव्हा साहेबांच्या केबिनला एसी बसवला होता, आम्ही घामाघूम 😄

डी-२०२: एसीवरून आठवलं, अभ्यासिकेतला एक पंखा दिवाळीपासून बंद आहे.

सी-४०३: पंख्याचं पण बिल टाका.

डी-२०२: माझ्याकडे यूएसबी माऊस गोल भोकात लावायचा हिरवा कन्व्हर्टर पडलाय, ५ नंबरला तो लावून बघा.

सी-१०१ दादा: प्रत्येक माऊस त्यावर चालत नाही हो. तो कन्व्हर्टर नुसत्या वायरी जोडतो, माऊसलाच यूएसबी आणि पीएस टू दोन्ही पद्धती माहीत असाव्या लागतात, हल्लीच्या बऱ्याच माऊसना नसतात.

बी-१०४: मुलं तिथे गेमच खेळतात, माऊस नसला तर बरंच आहे.

बी-३०१ काकू: माझी मुलगी गेम खेळत नाही. ज्यांची खेळतात त्यांनी आपल्या घरी बघावं.

बी-१०४: मी कोणाचं नाव घेतलं का? 🙏

सेक्रेटरी ए-२०४: कृपया विषयाला धरून बोला.

सी-१०१ दादा: काकू तोपर्यंत तिला सांगा, डावं ऑल्ट, डावं शिफ्ट आणि नमलॉक एकदम दाबून एंटर, मग उजवीकडच्या आकड्यांनी बाण हलतो आणि ५ दाबलं की क्लिक होतं. सरावाचं अडणार नाही.

बी-३०१ काकू: बंद करून लावला, ५ नंबर चालू झाला 🙏🙏 २ नंबरचा माऊस मागच्या बाजूला लावला तर लाईट लागला, चाललाही. पुढे लावला की परत बंद.

सी-१०१ दादा: म्हणजे पुढचे यूएसबी पोर्ट बायोसमधून, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मूळ सेटिंगमधून, बंद केलेले असणार. हे पीसी कुठल्या तरी ऑफिसातून निघालेले असतात, तिथे कोणी पेनड्राइव्हवर डेटा नेऊ नये म्हणून पोर्ट बंद करून ठेवतात, आणि विकणाऱ्याने ते तपासायला हवं होतं. मी खाली जाऊन बघतो.

सी-४०३: बिल टाका.

सेक्रेटरी ए-२०४: अहो किती वेळा तेच.

सी-१०१ दादा: बघून आलो. एफ२ दाबून बायोस उघडला पण सेटिंग बदलायला पासवर्ड मागतोय. जुन्या ऑफिसचा असणार, आपल्याला कसा कळणार. आतल्या मुख्य बोर्डवर जंपर म्हणून छोटी टोपी असते, ती हलवून पासवर्ड निघतो असं असतं, पण खोका आपण उघडला तर वॉरंटी जाईल का ते बिलावर बघायला लागेल.

सी-४०३: मी दुसरं काय सांगतोय सकाळपासून.

सेक्रेटरी ए-२०४: 📷 फोटो

सेक्रेटरी ए-२०४: घ्या. एक वर्ष वॉरंटी आहे, अजून चार महिने बाकी. विकणाऱ्याला फोन करतो, सगळ्या सहाही मशीनचे पासवर्ड काढून पोर्ट चालू करून द्या म्हणून सांगतो. माऊस मागवत नाही.

सी-४०३: धन्यवाद. फोटो आडवा आलाय, खालची रक्कम दिसत नाहीये.

बी-३०१ काकू: तो येईपर्यंत २ नंबरचं टेबल भिंतीपासून थोडं पुढे ओढा कोणीतरी, मागे वायर लावायला मुलीचा हात पोचत नाही. किल्ली वॉचमनकडेच आहे ना?