शाळेच्या ग्रंथालयातून आठवी ते दहावीच्या मुलांना वाचते-लिहिते कसे करावे?

प्रश्न : माध्यमिक शिक्षिका, पूर्व भाग, सोलापूर

नमस्कार. मी सोलापूरच्या पूर्व भागातील एका अनुदानित माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. यंदाच्या जूनपासून शाळेच्या ग्रंथालयाचा कार्यभारही माझ्याकडे आला आहे. विद्यार्थिसंख्या कमी असल्यामुळे शाळेला स्वतंत्र ग्रंथपाल नाही. पुस्तके लोखंडी कपाटांत कुलपात असतात, आणि ग्रंथालयाची तासिका वेळापत्रकात असली तरी गणिताचा किंवा विज्ञानाचा राहिलेला भाग पुरा करण्यातच ती जाते.

आमच्याकडील बहुतेक मुलांच्या घरी तेलुगू बोलली जाते. वडील यंत्रमागावर कामाला असतात, आई विड्या वळते किंवा टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला जाते. मराठी ही या मुलांची शाळेची, बाजाराची आणि गल्लीतल्या खेळाची भाषा आहे, आणि ती त्यांना उत्तम बोलता येते. पाचवी-सहावीत असताना हीच मुले गोष्टींची पुस्तके मागून नेत. आठवीत आल्यावर मात्र ती ग्रंथालयाकडे फिरकत नाहीत. लिहिण्याचे तर त्याहून अवघड आहे, कारण मार्गदर्शकातला पाठ केलेला निबंध उत्तरपत्रिकेत उतरवणे म्हणजेच लिहिणे, अशी त्यांची समजूत झाली आहे. १५ ऑक्टोबरला आम्ही वाचन प्रेरणा दिन मनापासून साजरा करतो, पुस्तके मांडतो, मुले हाताळतातही. परंतु दुसऱ्या दिवशी कपाटे पुन्हा बंद होतात.

प्रत्येक विद्यार्थ्याने महिन्याला एक पुस्तक वाचून त्याचा सारांश वहीत लिहावा आणि त्याला अंतर्गत मूल्यमापनात काही गुण द्यावेत, असा विचार मी करत आहे. हे योग्य होईल का? अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर : सेवानिवृत्त ग्रंथपाल, सोलापूर

मॅडम, आपली तळमळ पोहोचली, म्हणूनच स्पष्ट लिहितो. गुणांचा विचार कृपया सोडून द्यावा. सारांशाला गुण ठेवले की मुले सर्वांत पातळ पुस्तक शोधतात, एकाची वही वर्गभर फिरते, आणि वाचन हे आणखी एक गृहपाठाचे काम होऊन बसते. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला आपल्यावर कोणी लक्ष ठेवत आहे याची जाणीव फार लवकर होते. जे पुस्तक त्याने स्वतः निवडले आणि ज्याबद्दल त्याला कोणी जाब विचारणार नाही, तेच तो शेवटपर्यंत वाचतो. दहा पाने वाचून पुस्तक परत करण्याचा हक्कही त्याला असला पाहिजे.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक मानले जाणारे डॉ. रंगनाथन यांची ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे १९३१ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली, आणि त्यांतले पहिलेच सूत्र असे आहे की ग्रंथ उपयोगासाठी आहेत. दरवर्षी १२ ऑगस्टला आपण त्यांच्या जयंतीनिमित्त ग्रंथपाल दिन साजरा करतो, पण शालेय ग्रंथालयात कुलूप हेच मुख्य साधन राहिले तर त्या पहिल्या सूत्राचे पालन कसे होणार? म्हणून सर्वप्रथम मुक्तद्वार पद्धत सुरू करावी, म्हणजे मुलांना स्वतः फळीपाशी जाऊन पुस्तक काढता, चाळता आणि परत ठेवता आले पाहिजे. कपाटाच्या काचेतून दिसणाऱ्या पुस्तकाचे नाव कागदावर लिहून ते मागणे, ही रीत या वयाच्या मुलांना दूर लोटते. आपल्याला नेमके काय हवे आहे, हे त्यांना पुस्तक हातात घेईपर्यंत ठाऊकच नसते.

मात्र कपाटे उघडण्यापूर्वी ग्रंथसंग्रह तपासावा लागेल. बदललेल्या अभ्यासक्रमाची पाठ्यपुस्तके, जुनी मार्गदर्शके, कोणी उघडलेही नाहीत असे अहवाल, वाळवी लागलेले खंड हे सर्व फळीवरून बाजूला काढून रीतसर निर्लेखनासाठी, म्हणजे नोंदीतून कायमचे वगळण्यासाठी, ठेवावे. संख्या कमी झालेली दिसेल, पण उरलेली पुस्तके प्रथमच नजरेला पडतील. काहींची मुखपृष्ठे समोर करून मांडावीत. दशांश वर्गीकरणाचे, म्हणजे विषयवार मांडणीचे, क्रमांक पुस्तकांच्या कण्यावर तसेच राहू द्यावेत, ते ग्रंथपालाच्या सोयीचे आहेत. फळ्यांवरच्या चिठ्ठ्या मात्र मुले ज्या शब्दांत पुस्तके मागतात त्याच शब्दांत असाव्यात, जसे भुताच्या गोष्टी, शोधकथा, खेळाडू, प्राणी-पक्षी, प्रवास, कविता. भुताच्या गोष्टी पाहून काही सहकारी नाराज होतील. त्यांना सांगावे की ज्या मुलाने आठवीत ओळीने भुताच्या गोष्टी वाचल्या, त्याची मजकुराची भीती गेली, आणि दहावीचा उतारा वाचताना त्याला त्याचाच उपयोग होणार आहे.

देवघेवीची नोंद मुलांकडेच सोपवावी. प्रत्येक वर्गातून दोघे निवडावेत, आणि ते हुशार म्हणून ओळखले जाणारेच असावेत असे मुळीच नाही. मधल्या सुट्टीत ग्रंथालय उघडे ठेवणे त्यामुळे शक्य होते. पुस्तकांसाठी फार निधी नसला तरी अडू नये. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. नॅशनल बुक ट्रस्टची मराठी पुस्तकेही अल्प किमतीत मिळतात. आपल्या शहरात हिराचंद नेमचंद वाचनालयासारखी जुनी संस्था आहे. वर्षातून एकदा मुलांना तिथे घेऊन जावे. एवढी मोठी माणसे शांत बसून वृत्तपत्रे आणि पुस्तके वाचत आहेत, हे दृश्य यातल्या अनेक मुलांनी पाहिलेलेच नसते.

आणखी एक गोष्ट करावी : तासिकेच्या सुरुवातीला आपण स्वतः मोठ्याने वाचावे. नववीच्या मुलांना वाचून दाखवणे बालिश ठरेल, असे वाटून शिक्षक ते टाळतात. वास्तविक वाचून दाखवलेल्या मजकुराचा सर्वांत जास्त लाभ त्यांनाच होतो ज्यांच्या घरची भाषा वेगळी आहे, कारण लिखित मराठीची लय, विरामाच्या जागा आणि वाक्याचा चढउतार त्यांच्या कानावर दुसऱ्या कोठूनही पडत नाही. उत्कंठेच्या जागी थांबावे आणि पुस्तक टेबलावर उघडे ठेवून निघून जावे.

उत्तर : मुख्याध्यापक, उत्तर सोलापूर तालुका

वरील सूचनांशी मी सहमत आहे, परंतु कपाटाला कुलूप का लागते याचाही विचार झाला पाहिजे. वर्षअखेरीस पडताळणीत पुस्तक कमी आले तर कार्यभार असलेल्या शिक्षकाला उत्तर द्यावे लागते, आणि ती भरपाई आपल्याच खिशातून जाईल ही धास्ती जोपर्यंत आहे, तोपर्यंत कोणताही शिक्षक मनापासून कपाट उघडणार नाही. ही जबाबदारी एकट्या शिक्षिकेवर राहता कामा नये. मॅडम, आपण मुख्याध्यापकांशी बोलून वर्षारंभीच लेखी ठरवून घ्यावे की वापरात फाटलेली व गहाळ झालेली पुस्तके दरवर्षी समितीपुढे मांडून त्यांचा निर्णय सर्वांनी मिळून घेतला जाईल. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे आणि त्यात वृत्तपत्रे, नियतकालिके व गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके असावीत, असे स्पष्ट म्हटले आहे. तो कायदा आठवीपर्यंतचा असला तरी संस्थाचालकांपुढे बोलताना त्याचा आधार उपयोगी पडतो.

तासिकेबाबत एवढेच सांगतो की ती शनिवारी किंवा दिवसाच्या शेवटी ठेवू नये. तिथे ठेवलेली तासिका इतर विषयांकडे जातेच.

उत्तर : मराठी शिक्षक, दक्षिण सोलापूर तालुका

मी लिहिण्याच्या बाजूने काही सांगू इच्छितो. आमच्या शाळेत कन्नड बोलणारी मुले अधिक आहेत, त्यामुळे मॅडमची अडचण मला जवळची वाटते.

मुले लिहीत नाहीत याचे मुख्य कारण, माझ्या मते, त्यांच्यापुढे येणारे विषय हे आहे. ‘पावसाळ्यातील एक दिवस’ या विषयावर सोलापूरच्या मुलाने धो-धो पावसाचे आणि हिरव्यागार डोंगरांचे वर्णन करावे अशी अपेक्षा असते, आणि आपल्या अवर्षणग्रस्त जिल्ह्यातले मूल ते कुठून आणणार? ते मार्गदर्शकातूनच आणते. याउलट आपली आई विड्या कशी वळते, पान कसे कापते, तंबाखू किती भरते, दोरा कसा गुंडाळते, हे लिहायला सांगितले तर त्याच मुलाकडे सांगण्यासारखे इतके असते की वही पुरत नाही. मॅडम, आपल्या मुलांचे वडील तर मागावर काम करतात. धोटा, कांडी, ताणा, बाणा, बीम, जॅकार्डची नक्षी, यांपैकी प्रत्येक शब्दामागे काम आणि माणूस आहे. मूल वडिलांना प्रश्न विचारील, उत्तरे लिहून आणील, आणि घरात तेलुगूत ऐकलेले शाळेत मराठीत मांडताना जी खटपट करील, तीच खरी लेखनाची तालीम आहे.

शहराचा इतिहासही असाच हाताशी आहे. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरून मुले रोज जातात. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन आणि श्रीकृष्ण सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याला फाशी झाली आणि त्याआधी मे १९३० मध्ये सोलापुरात लष्करी कायदा पुकारला गेला होता, एवढे सांगून ग्रंथालयातून पुढची माहिती शोधायला लावावी. कुर्बान हुसेन अगदी तरुण वयात वृत्तपत्र चालवत होते, हे कळल्यावर नववीतल्या मुलाला लिहिण्याचे मोल वेगळ्या रीतीने समजते. डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे. १९३८ मध्ये ते वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. त्यांचे स्मारक शहरातच आहे. तिथे जाऊन यावे आणि मग डॉक्टरांनी घरी लिहिले असते असे एक पत्र मुलांनी कल्पनेने लिहावे. असे पत्र लिहायचे तर वाचावे लागतेच, आणि मग मुले स्वतःहून पुस्तक मागतात.

या लेखनातून वर्षाला एक हस्तलिखित, म्हणजे मुलांनी हाताने लिहिलेला अंक, तयार करावे. हस्तलिखिताची आपल्या शाळांतली परंपरा जुनी आहे, पण अनेक ठिकाणी त्यात सुंदर अक्षराच्या दोन-तीन मुलींकडून इकडचे तिकडचे सुविचार उतरवून घेतले जातात आणि स्नेहसंमेलनानंतर ते मुख्याध्यापकांच्या कपाटात जाते. मला आग्रहाने सांगावेसे वाटते की हस्तलिखित ग्रंथालयाच्या दाखल नोंदवहीत, म्हणजे आलेल्या प्रत्येक पुस्तकाची क्रमाने नोंद होते त्या वहीत, नोंदवावे. त्याला दाखल क्रमांक द्यावा, शिक्का मारावा, कण्यावर चिठ्ठी लावावी आणि इतर पुस्तकांच्या शेजारी फळीवर ठेवून देवघेवीत खुले करावे. आपण लिहिलेले पान आठवीतल्या कोणा अनोळखी मुलाने घरी नेले, ही नोंद लेखकाला नोंदवहीत दिसते. आमच्याकडे सर्वांत जास्त वेळा घरी जाणारी पुस्तके ही हस्तलिखितेच आहेत, कारण त्यांत ओळखीची गल्ली, ओळखीचे शेत आणि ओळखीची माणसे भेटतात.

पहिल्या खर्ड्यावर लाल शाई अजिबात वापरू नये. मुलाने काय सांगितले ते आधी ऐकावे, त्याला दोन प्रश्न विचारावेत आणि पुन्हा लिहायला द्यावे. ऱ्हस्व-दीर्घ शेवटच्या प्रतीत पाहता येते, आणि तोवर मुलालाही ते नीट व्हावे असे वाटू लागलेले असते.

उत्तर : महाविद्यालयीन विद्यार्थिनी, सोलापूर

मी पूर्व भागातल्याच एका शाळेत शिकले, म्हणून विद्यार्थ्यांच्या बाजूने लिहिते. आमच्यापैकी अनेक मुली शाळेतून गेल्यावर आईला विड्यांच्या कामात हात लावत, आणि एका खोलीच्या घरात दूरदर्शन संच व लहान भावंडे असताना पुस्तक घेऊन बसायला जागाच नसे. त्यामुळे “घरी वाचून या” या सूचनेपेक्षा शाळेत वाचायला मिळालेला अर्धा तास अधिक उपयोगाचा असतो. शाळा सुटल्यावर थोडा वेळ ग्रंथालय उघडे राहिले तर मुली थांबतील, मात्र घरच्यांना तसे शाळेकडून कळवावे लागेल.

दुसरे म्हणजे उन्हाळ्याची सुट्टी. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचे तापमान चाळीसच्या वर असते, दुपारी कोणी बाहेर पडत नाही, आणि नेमक्या त्याच काळात शाळेची पुस्तके कुलपात असतात. वार्षिक परीक्षेच्या शेवटच्या दिवशी प्रत्येकाला त्याच्या आवडीची चार-पाच पुस्तके सुट्टीभरासाठी द्यावीत आणि जूनमध्ये परत घ्यावीत. एकाच गल्लीतल्या मुलांनी वेगवेगळी पुस्तके नेली तर ती आपापसांत फिरतील.

प्रश्नकर्ती

आपणा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. गुणांची कल्पना मी सोडून देत आहे. सुट्टीत पुस्तके देण्याचा आणि हस्तलिखिताला दाखल क्रमांक देण्याचा विचार मला फार आवडला. एक शंका मात्र उरते. मागाविषयी किंवा घरकामाविषयी लिहिताना मुले तेलुगू शब्द आणि कधी पूर्ण तेलुगू वाक्येही लिहितील. मराठीच्या हस्तलिखितात ती तशीच ठेवावीत का? पालकांना किंवा संस्थेला ते खटकेल, अशी मला भीती वाटते.

उत्तर : मराठी शिक्षक, दक्षिण सोलापूर तालुका

अवश्य ठेवावीत, मॅडम. आजी जे तेलुगूत बोलली ते मराठीत घालून लिहिले तर ते आजीचे राहत नाही. वाक्य देवनागरीत लिहावे आणि त्याचा अर्थ मुलाने लगेच पुढच्या वाक्यात स्वतःच्या मराठीत सांगावा. हे करताना त्याला दोन्ही भाषांचा बारकाईने विचार करावा लागतो. आमच्या हस्तलिखितांत कन्नड म्हणी अशाच येतात, आणि तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनीही त्या कुतूहलाने वाचल्या आहेत. पालकांविषयी म्हणाल, तर तेलुगू वाचता येणाऱ्या एखाद्या आजोबांना किंवा शहरातील तेलुगू माध्यमाच्या शाळेतल्या शिक्षकांना ती पाने प्रकाशनाआधी पाहायला द्यावीत. शब्द बरोबर आहेत की नाहीत हे कळेल, आणि संस्थेने विचारलेच तर त्यांचे नाव सांगता येईल. पहिला अंक लहान, वीस-पंचवीस पानांचाच करावा, आणि दिवाळीच्या सुट्टीपूर्वी खर्डे हाती येतील अशा बेताने आताच विषय द्यावेत, म्हणजे २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनापर्यंत तो बांधून फळीवर ठेवता येईल.