पॉवरप्ले निळ्या रेषेवरच का अडकतोय? (दहा सामन्यांनंतर)

शेवटची_रांग

मंडळी, आपल्या आइस हॉकी संघाचा कालचा सामना संपल्यावर बराच वेळ झोप लागली नाही, म्हणून इथे लिहितोय. दहा सामने झाले. पाच विरुद्ध पाच खेळताना आपली पोरं भल्याभल्यांना घाम फोडतात. पण समोरचा एक गडी शिक्षा होऊन बाहेर बसला, म्हणजे पॉवरप्ले मिळाला, की आपल्याच पोरांना काही सुचेनासं होतं. माझ्या वहीतला हिशेब असा: ३० पॉवरप्ले, ३ गोल. आणि आपला गडी बाहेर असताना २९ वेळांत १० गोल खाल्ले. म्हणजे पेनल्टी किल (गडी कमी असताना गोल न खाता निभावणं) ६६ टक्क्यांवर. ८० टक्के असला तर लोक त्याला ठीकठाक म्हणतात.

जिकडे तिकडे एकच कारण ऐकतोय: वय. एकोणीस-वीसची पोरं आहेत, शिकतील. मला हे पटत नाही. पाच विरुद्ध पाचमध्ये हीच पोरं, हेच वय, आणि तिथे पक (खेळायची रबरी चकती) त्यांच्या काठीला चिकटल्यासारखा असतो.

काल घरी येऊन चारही पॉवरप्ले पुन्हा लावले, घड्याळ हातात धरून. पहिल्यात फेसऑफ (दोघांमध्ये पक टाकून खेळ सुरू करणं) हरलो, त्यांनी पक थेट आपल्या टोकाला भिरकावला. एरवी त्यावर आयसिंग म्हणून खेळ थांबतो, पण कमी गडी असताना नाही, त्यामुळे आपण दोनशे फूट मागे. आपल्या बचावपटूनं जाळीमागून पक आणला, मध्यावर ड्रॉप पास मागे सोडला. तोवर पुढचे तिघं ब्लू लाइनवर, म्हणजे त्यांच्या हद्दीच्या निळ्या रेषेवर, जाऊन उभे. अक्षरशः उभे, गुडघे सरळ. ज्याच्याकडे पक आला तो एकटाच वेगात आणि समोर चार जणांची भिंत. पक गेला. पुन्हा तेच. दोन मिनिटांपैकी त्यांच्या हद्दीत पक आपल्या ताब्यात किती? २६ सेकंद. दुसऱ्या पॉवरप्लेत ३१. बाकीच्या दोघांचं सांगत नाही, जीव कळवळतो.

माझा प्रश्न हा आहे: आपण रचनेवर भांडतोय, १-३-१ (एक मागे, तिघं मधे, एक जाळीसमोर) ठेवावी की दुसरं काही, पण ती रचना लागायला आधी आत तर शिरायला हवं. तुम्हाला रोग कुठे दिसतो? आणि पहिलं युनिट (पॉवरप्लेला आधी उतरणारे पाच जण) मोडावं का?

पोस्ट_अँड_आऊट

मोडावं. आजच. बेंचवर दोन अनुभवी फॉरवर्ड बसून आहेत आणि पोरांना पॉवरप्लेची पूर्ण दोन मिनिटं! अनुभव विकत आणलाय तो कशासाठी?

कच्ची_आकडेमोड

घाई नको. एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या लीगमध्ये साधारण पाचातला एक पॉवरप्ले सफल होतो. म्हणजे दर संधीला २० टक्के धरा. ३० संधींत ३ किंवा त्याहून कमी गोल होण्याची शक्यता निघते सुमारे १२ टक्के, आठात एक. एनएचएलमध्ये ३२ संघ आहेत. सगळे अगदी सारख्या ताकदीचे असते, तरी एवढ्या संधींनंतर चारेक संघांचा आकडा निव्वळ नशिबानं असाच दिसला असता. ऐंशीहून जास्त सामन्यांच्या मोसमात दहा म्हणजे जेमतेम आठवा हिस्सा.

आणि एडमंटन ऑइलर्सचा २०२२-२३ चा पॉवरप्ले आठवा, ३२.४ टक्के. त्याआधीचा विक्रम मॉन्ट्रियलचा, १९७७-७८ चा ३१.९ टक्के. म्हणजे मॅकडेव्हिड आणि ड्रायसाइटल हे ऑइलर्सचे दोन बडे खेळाडू एकत्र असूनही शंभरातले ६७-६८ पॉवरप्ले कोरडेच गेले. पॉवरप्ले हा मुळात बहुतेक वेळा फसणाराच प्रकार आहे.

पेनल्टी किलचं मात्र मला खुपतंय. २९ वेळांत १० किंवा जास्त गोल खाण्याची शक्यता त्याच हिशेबानं फक्त ५ टक्के, विसात एक. तिथे नुसतं नशिबावर ढकलून चालणार नाही. चर्चा तिकडे न्या, असं माझं मत.

जुना_किलर

+१. पेनल्टी किलवर मी बोलतो, कारण क्लबपातळीवर बरीच वर्षं तेच काम केलंय.

ते दहा गोल पुन्हा बघा आणि प्रत्येक वेळी एकच गोष्ट तपासा: गोल होण्याआधी पक बाहेर काढायची संधी आली होती का? मी आठ गोलांची चित्रफीत पाहिली. सहांमध्ये आली होती. पक कडेच्या फळीजवळ, आपल्या गड्याच्या काठीवर, समोरचा दोन हात लांब. अशा वेळी बघायचं नाही, विचार करायचा नाही, जोर लावून पक दुसऱ्या टोकाला. आपली पोरं मान वर करून पास शोधतात. पाच विरुद्ध पाचमध्ये ती सवय चांगली, म्हणूनच ती तिथे देखणी खेळतात. इथे तीच सवय अंगाशी येते. पक ब्लू लाइनपर्यंत कसाबसा जातो, पॉइंटवरचा, म्हणजे त्या रेषेजवळ थांबलेला त्यांचा माणूस आरामात अडवतो आणि आपले चार जण आणखी अर्धा मिनिट अडकतात.

दुसऱ्या पीरियडमध्ये (सामन्याच्या तीन भागांतला मधला) तर फारच हाल. बाजू बदललेल्या असतात, आपली बेंच आपल्या जाळीपासून लांब पडते. बदली व्हायला जास्त अंतर कापायचं. पन्नास सेकंद झाले की मांड्या पेटतात, काठी बर्फावरून उचलली जाते आणि पासची वाट उघडी पडते. मी हे भोगलंय. डोक्याला कळत असतं काठी खाली हवी, हात ऐकत नाहीत. त्या थकव्यात कोणी पक उचलून मारला आणि तो थेट काचेवरून बाहेर गेला, तर आणखी दोन मिनिटांची पेनल्टी. मग पाच विरुद्ध तीन. परवा आपलं नेमकं हेच झालं.

त्या पोराला कोणी शिव्या देऊ नका. सत्तर सेकंद झाले होते त्याला बर्फावर. चूक काचेवरून गेलेल्या पकची नाही, त्याआधी दोनदा अर्धवट काढलेल्या पकची आहे.

जाळीमागची

माझी जागा गोलजाळीच्या मागे असते, तिथून दिसतं ते सांगते. पॉवरप्लेत आपला नेट-फ्रंटचा, म्हणजे जाळीसमोरचा मुलगा गोलीसमोर (त्यांच्या गोलरक्षकासमोर) उभा राहत नाही, पोस्टच्या, म्हणजे जाळीच्या खांबाच्या, बाजूला राहतो. मागून फटका यायला लागला की अर्धं पाऊल आणखी बाजूला सरकतो. गोलीला पक सुटल्यापासून दिसतो. काल तर मी गोलीचे डोळे बघत होते. त्याला मान वाकडी करावी लागली नाही. मार खायची भीती असेल. घोट्यावर पक बसतो तेव्हा काय होतं ते त्यानं मागच्या महिन्यात अनुभवलंय. पण त्या जागेवर उभं राहणं हेच काम आहे, आणि ते कोणीतरी त्याच्याजवळ बसून शिकवायला हवं.

शेवटची_रांग

सगळ्यांचे आभार. जुना_किलर, तुमचा प्रतिसाद वाचून दहातले सात गोल पुन्हा पाहिले. पाचांमध्ये तुम्ही म्हणता तसंच आहे. हे माझ्या नजरेतून पूर्ण सुटलं होतं, मी गोल कोणी मारला तेच लिहीत बसलो होतो.

कच्ची_आकडेमोड, हिशेब मान्य. पण नशीब वाईट असतं तेव्हा फटके बसतात आणि गोली अडवतो किंवा पक पोस्टला लागतो. आपले फटकेच होत नाहीत. काल चार पॉवरप्लेत जाळीवर पाच फटके. म्हणून माझं बोट अजून ब्लू लाइनवरच आहे.

युनिट मोडायला माझा विरोध आहे, आणि त्याचं कारण तो हाफ-वॉलवरचा (कडेच्या फळीजवळचा) आपला एकोणीस वर्षांचा मुलगा. काल तिसऱ्या पॉवरप्लेत एकदाच नीट आत शिरलो. पक त्याच्याकडे. त्यानं खांदा नेटकडे वळवला, फटका मारतोय असं दाखवलं, त्यांचा वरचा गडी एक पाऊल त्याच्याकडे आला आणि त्याच क्षणी चौघांच्या मधून पलीकडे पास. बंपरच्या, म्हणजे मधोमध उभ्या आपल्या गड्याच्या, स्केटपासून वीतभर अंतरावरून पक गेला. गोली या पोस्टवरून त्या पोस्टवर घसरत होता, अर्धी जाळी मोकळी. पलीकडच्या आपल्या गड्यानं पक थांबवला, सरळ केला, मग मारला. तोवर गोली पोचला होता.

तो पास बेंचवरच्या दोघा अनुभवींना दिसलाही नसता, मारणं तर दूरच. कमतरता पलीकडे आहे, न थांबवता मारायचं. वॉशिंग्टनचा ओव्हेच्किन डाव्या फेसऑफ वर्तुळात उभा राहणार हे दोन दशकं साऱ्या जगाला ठाऊक होतं. तरी ६ एप्रिल २०२५ ला एनएचएलमधला ८९५ वा गोल, ग्रेट्झकीच्या सर्वाधिक गोलांच्या विक्रमाला मागे टाकणारा, त्यानं तिथूनच मारला आणि पॉवरप्लेवरच मारला. गोली सरकून बसायच्या आत पक काठीवरून सुटलेला असतो. हे सरावानं येतं, आणि सराव त्याच पाच जणांनी एकत्र करायला हवा. दर आठवड्याला माणसं बदलली तर तो पास कोणाला द्यायचा?

पोस्ट_अँड_आऊट

हे तुम्ही सांगितलं म्हणून तो पास पुन्हा पाहिला. ठीक आहे, त्याला काढू नका. पण नेट-फ्रंटला तरी अनुभवी माणूस द्या. जाळीमागची म्हणतात ते खरं असेल, तर दोघांतला थोराड आहे त्याला तिथे उभा करा.

जुना_किलर

चालेल की. चार पोरं राहतील, एक थोराड गडी गोलीच्या डोळ्यांसमोर. आणि आत शिरताना तिघांनी रेषेवर वाट बघायची नाही. एकानं मधल्या पट्ट्यातून वळसा घेऊन वेगातच रेषेवर यायचं. किल करताना आम्हाला उभ्या माणसाची भीती कधीच वाटली नाही. जो वेगात येतो त्याच्यासमोर मागे हटावंच लागतं, आणि आम्ही मागे हटलो की आत जागा मिळते.

शेवटची_रांग

मग पुढच्या सामन्यासाठी वहीत तीन नवे रकाने आखतोय. रेषा ओलांडताना किती जण वेगात होते. नेट-फ्रंटचा माणूस गोलीच्या डोळ्यांसमोर होता की बाजूला (जाळीमागची, हा रकाना तुमच्याकडून हवा, मला माझ्या जागेवरून दिसत नाही). आणि किल करताना पक पहिल्या संधीत पूर्ण बाहेर गेला की अर्धवट. सामना संपला की त्याच रात्री इथे टाकतो.