घर घेण्याआधी शाळा आणि वस्ती कशी पारखायची? (अनुभव धागा)

मुलांच्या शिक्षणासाठी तालुका सोडून लातूर, नांदेड, संभाजीनगरला घर पाहणारे दरवर्षी असतात. जाणकारांनी आपल्या गावाच्या नावाने लिहावं, आपबीती नको, काय तपासायचं तेवढं सांगा.

लातूर
जिल्हा परिषद किंवा मनपाची शाळा पाहताना इमारतीच्या रंगाला भुलू नका. वर्गात फळ्याच्या कोपऱ्यात 'पट' आणि 'हजर' असे दोन आकडे असतात, ते वाचा. पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत कायद्याने दोनच शिक्षक. म्हणजे पट ५५ असेल तर पाच इयत्ता दोघांवर, आणि एक जण बैठकीला गेला की सगळी शाळा एकट्यावर. मुख्याध्यापकांना थेट विचारा: मंजूर पदं किती, भरलेली किती? यूडायस प्लस या शाळांच्या सरकारी संकेतस्थळावर शाळेचा ११ अंकी कोड टाकला की शाळेची माहिती दिसते, पण ती मागच्या वर्षाची असू शकते.

बीड
शाळा बघायला जूनमध्ये जाऊ नका. ऊसतोडीच्या पट्ट्यात दिवाळीनंतर हजेरी खाली येते. खरं चित्र डिसेंबरात दिसतं.

संभाजीनगर
आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळेत राखीव असलेल्या) २५ टक्के जागांवर डोळा असेल तर घराची जागा फार महत्त्वाची. आधी १ किमीच्या आतले, मग १ ते ३ किमीचे. भाडेकरार दुय्यम निबंधकाकडे नोंदलेला, किमान ११ महिन्यांचा आणि अर्जाच्या तारखेआधीचा हवा. नोटरीचा कागद चालत नाही. सगळ्यात जास्त घोळ ऑनलाइन अर्जात नकाशावर घराची जागा दाखवणाऱ्या बलूनचा होतो: तो गल्ली सोडून चौकात पडला, की अंतर बदलतं आणि लॉटरीत नंबर लागूनही पडताळणीत प्रवेश जातो. बलून मोबाइलवर नको, कॉम्प्युटरवर नकाशा मोठा करून ठेवा.

परभणी
@संभाजीनगर, एक भर. जवळ सरकारी शाळा असली की खासगीत आरटीई मिळत नाही, असं एजंट अजून सांगतात. सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये तसा नियम केला होता, पण तो मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्येच रद्द केला.

नांदेड
सुरक्षिततेचं म्हणाल तर महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर ठाण्यानुसार एफआयआर पाहता येतात. एकूण आकडा मोजू नका, हद्द मोठी असली की तो फुगतोच. भारतीय न्याय संहितेची (बीएनएस) कलमं बघा: ३३१ घरफोडी, ३०४ हिसकावणे. महिलांवरच्या अत्याचाराचे संवेदनशील गुन्हे तिथं टाकत नाहीत, म्हणून यादी कोरी दिसली तरी निश्चिंत होऊ नका. गल्लीतल्या कॉलेजच्या पोरींना विचारा, कुठला रस्ता टाळतात.

संभाजीनगर, सातारा परिसर
गुंठेवारीत (रीतसर लेआउट मंजुरीशिवाय पाडलेल्या छोट्या प्लॉटांच्या वस्तीत) २० बाय ३० फुटांचा प्लॉट स्वस्त पडतो, पण ट्यूशन सुटते रात्री ८ ला. त्या वेळेला रस्ता चालून पाहा. खांब मोजून उपयोग नाही, दिवे किती जळतात ते मोजा. उन्हाळ्यात सकाळची शाळा असते, आणि त्याच अरुंद गल्लीत पाण्याचा टँकर रिव्हर्स येत असतो. बीड बायपास ओलांडून शाळा असेल तर लहान मुलासाठी ते घर सोडाच.

नांदेड
गोदावरीकाठची सखल वस्ती स्वस्त का, ते विष्णुपुरी धरणाचे दरवाजे उघडतात तेव्हा कळतं. भिंतीवर पाण्याची खूण शोधा.