बायपोलर, 'मी कोण' आणि सावरणं: पुस्तक स्वतःच काढायचंय, कुठे काय चुकतं?

बडोदेकरीण

ललित लेखांचं पुस्तक प्रकाशकाशिवाय काढायचं आहे. २१ लेख, ४२,००० शब्द. विषय बायपोलर आजार (मन कधी कमालीचं चढतं, कधी खोल उतरतं), त्यात आपलं 'आपण' कुठलं आणि आजाराचं कुठलं हा घोळ, आणि पुन्हा उभं राहणं. अर्धा मजकूर जुन्या श्रीलिपीत (युनिकोडच्या आधीचं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर) आहे, अर्धा युनिकोडमध्ये.

पहिल्यांदा किती प्रती छापाव्यात? आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) स्वतः घ्यावा की 'पॅकेज'वाले (पैसे घेऊन पुस्तकाचं सगळं करून देणारे) देतात तो चालेल? नातेवाईक आणि रुग्णालयात वॉर्डातल्या इतर बायका मजकुरात आहेत, त्यांची नावं बदलली की भागतं का? एका लेखात आत्महत्येच्या प्रयत्नाचं वर्णन आहे, ते ठेवावं की काढावं? सुरुवातीला 'कणा' कविता द्यायची आहे.

खिळे_जुळारी

प्रतींचं नंतर बघू, आधी फाइल. श्रीलिपीतून युनिकोडमध्ये आणताना रफार शेजारच्या अक्षरावर जातो आणि ऱ्हस्व वेलांटी एक घर सरकते. हे निदान डोळ्याला खुपतं तरी. खरी गंमत अर्ध्या र ची. 'दऱ्या'चा 'दर्या' होतो, म्हणजे डोंगरातली बाई थेट समुद्रात. शब्द दोन्ही बरोबर, त्यामुळे शुद्धलेखन तपासणारं सॉफ्टवेअर गप्प बसतं. पूर्ण फाइलमध्ये 'र्य' आणि 'र्ह' शोधा आणि एकेक ठिकाण डोळ्यांनी बघा. ४२,००० शब्दांना एक दुपार पुरते.

युनिकोडचा अर्धा भागही बिनधोक समजू नका. अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो: नुक्ता असलेला 'ऱ' वापरून, किंवा साध्या र ला हलन्त देऊन पुढे एक न दिसणारा जोडक घालून. मजकूर मेलमधून, वर्डमधून, ई-बुकमधून फिरला की तो जोडक कुठेतरी गळतो आणि पुन्हा 'दर्या' होतो. सगळीकडे नुक्तावाला 'ऱ' करून घ्या.

मांडणी इनडिझाइनमध्ये (पानं लावायचं सॉफ्टवेअर) असेल तर परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोजर लावलाय का ते विचारा. नसेल तर जोडाक्षरं फुटतात. मजकुराची भाषा मराठी ठेवा, हिंदी नको. ज्या फाँटमध्ये सोय आहे तिथे ल आणि श मराठी वळणाचे येतात, नाहीतर पुस्तक दिल्लीत छापल्यासारखं दिसतं.

डेमी आकार (साडेपाच बाय साडेआठ इंच), अक्षर १३ पॉइंट, ओळींमधलं अंतर १८. त्याहून कमी केलंत की वरच्या ओळीचा उकार खालच्या मात्रेला टेकतो. या हिशेबात पानाला साधारण २६० शब्द बसतात, म्हणजे मजकुराची १६२ पानं. सुरुवातीची दहा-बारा धरून १७६ वर थांबवा. सोळा पानी ११ फॉर्म (एकत्र छापून दुमडल्या जाणाऱ्या पानांचा गठ्ठा) नेमके होतात. १७८ झाली की बाराव्या फॉर्मची १४ पानं कोरी.

आणि प्रती १००. डिजिटल. ऑफसेटला (प्लेटवरून होणारी मोठ्या संख्येची छपाई) प्रत स्वस्त पडते, पण ५०० च्या खाली तो फायदा फारसा दिसत नाही. शिवाय या विषयात पहिल्या आवृत्तीनंतर दुरुस्ती निघतेच. १०० च्या आधी एकच प्रत छापून घ्या आणि कागदावर वाचा. पुस्तकाच्या कण्याची (पाठीची) जाडी त्याच कागदाच्या कोऱ्या डमीवर मोजा. ७० जीएसएमवर (चौरस मीटरला ७० ग्रॅमचा कागद) १७६ पानांना ८-९ मिमी येते, पण कागद बदलला की कण्यावरचं नाव मुखपृष्ठावर सरकतं.

ओपीडीनंतर

प्रयत्नाचा लेख ठेवा, साधन काढा. काय वापरलं, किती, कुठे, चिठ्ठीत काय होतं, यातलं काहीही नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या माध्यमांसाठीच्या सूचना हेच सांगतात आणि भारतीय प्रेस कौन्सिलने २०१९ मध्ये त्याच धर्तीवर सूचना काढल्या. त्या पत्रकारांसाठी आहेत हे खरं, पण कारण पुस्तकालाही लागू पडतं: आधीच काठावर असलेला वाचक तपशील उचलतो. 'त्या रात्री मी स्वतःला इजा करून घेतली. पहाटे वहिनीने दार वाजवलं.' एवढं पुरे. जागा वाढवायची असेल तर दार वाजल्यानंतरच्या भागाला द्या: कोण बरोबर आलं, कोणी काय लपवलं, पहिला घास कधी गेला. वाचायला मिळत नाही ते हेच.

टेलि-मानस १४४१६ हा क्रमांक त्याच लेखाच्या शेवटी छापा. पुस्तकाच्या शेवटच्या पानापर्यंत तो वाचक पोचेलच असं नाही. ही सरकारी सेवा आहे, मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. एखाद्या समुपदेशकाचा खासगी मोबाइल छापू नका. क्रमांक बदलतात, पुस्तक राहतं.

औषधांचं. लिथियम घेत असाल तर नाव लिहायला हरकत नाही, मात्रा लिहू नका. त्याची उपयोगी पातळी आणि घातक पातळी जवळजवळ असतात, म्हणूनच रक्त तपासत राहावं लागतं. 'गोळ्या बंद केल्या आणि मोकळं वाटलं' हे वाक्य खरं असू शकतं, बायपोलरमध्ये बऱ्याचदा असतंच, पण पुढे काय झालं ते त्याच पानावर यायला हवं. मानसोपचारतज्ज्ञाला अख्खं हस्तलिखित देऊ नका, महिनोन्‌महिने पडून राहतं. औषध, लक्षण, निदान आलेली वाक्यं वेगळी काढा. तीसचाळीस निघतील, तेवढीच तपासून मागा.

'अयशस्वी प्रयत्न' लिहू नका, मग वाचणं हे अपयश ठरतं. स्किझोफ्रेनियाचा उल्लेख असेल तर 'दुभंगलेलं व्यक्तिमत्त्व' म्हणू नका, तो आजार वेगळा आहे. मात्र संवाद धुऊन काढू नका. सासूबाई 'वेड लागलंय हिला' म्हणाल्या असतील तर त्या तेच म्हणतील, 'हिला मनःस्वास्थ्याचा प्रश्न आहे' नाही.

एक आगाऊपणा: चढत्या काळात लिहिलेले लेख वेगळे काढून, स्थिर असताना पुन्हा वाचा. त्यांतली काही वाक्यं पुस्तकातली सर्वांत चांगली असतात आणि काही पानंच्या पानं फक्त वेग असतो. आणि 'बरी झाले' वर संपवू नका. हा आजार येतो-जातो, आटोक्यात राहतो.

कलम_चोवीस

नावं बदलून भागत नाही. मराठीत तर मुळीच नाही, कारण आपली नातीच पत्ता सांगतात. आत्या, मावशी, मामी, काकू, प्रत्येकीला वेगळा शब्द. 'धाकटी नणंद, सांगलीला शिक्षिका' लिहिलंत की नाव सुमन ठेवा नाहीतर कुमुद, सगळ्या गोतावळ्याला कळलं. नावाबरोबर गाव, व्यवसाय, वय यांपैकी दोन गोष्टी बदला.

ज्यांचं वर्णन टोकदार आहे त्यांना नेमकी ती पानं दाखवून तारखेसह लेखी संमती घ्या. 'तुझ्याबद्दल लिहितेय हं' याला संमती म्हणत नाहीत. नकार आला तर दोन व्यक्तींचं एक पात्र करा आणि सुरुवातीला तसं सांगा.

वॉर्डातल्या बायकांबद्दल जास्त कडक राहा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २४ नुसार, उपचार घेणाऱ्या व्यक्तीची माहिती किंवा छायाचित्र तिच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही. सहरुग्णाचं पुस्तक त्यात नेमकं बसतं का यावर वकील वाद घालतील, पण तुम्ही त्या वादाचं निमित्त होऊ नका. त्यांचं निदान, गाव, भरती झाल्याची तारीख, तिन्ही गाळा.

बदनामी आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे. 'पण ते खरंच घडलं' एवढा बचाव फौजदारी खटल्यात पुरत नाही, ते सांगणं लोकहिताचंही असावं लागतं. गेलेल्या माणसाबद्दलही, घरच्यांच्या भावना दुखवायच्या हेतूने लिहिलं तर कलम लागू शकतं.

'कणा' विसरा, किंवा रीतसर लेखी परवानगी घ्या. कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले. आपल्याकडे कॉपीराइटचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, म्हणजे २०५९ अखेरपर्यंत. (तसंही सावरण्याच्या प्रत्येक पुस्तकाच्या दाराशी ती कविता उभी असते.) मर्ढेकर १९५६ मध्ये गेले, त्यांच्या मूळ ओळी आता मुक्त आहेत.

गठ्ठेवाला

आयएसबीएन स्वतः घ्या. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेच्या पोर्टलवर लेखकालाही अर्ज करता येतो आणि तो मोफत आहे. पॅकेजवाल्याचा घेतलात तर नोंदीत प्रकाशक म्हणून तोच राहतो. उद्या सोडायचं ठरवलंत तर त्या क्रमांकासह बाहेर पडता येत नाही, नवा घ्यावा लागतो. छापील आणि ई-बुकला क्रमांक वेगळे. बारकोड काळा, पांढऱ्या चौकटीत, ३० मिमीपेक्षा अरुंद नको. जांभळ्या मुखपृष्ठावर सोनेरी बारकोड छापणारे लोक आहेत, दुकानातलं यंत्र तो वाचत नाही.

किंमत ठरवताना वितरक ४० ते ५० टक्के घेतो हे धरूनच चला. प्रत ७५ रुपयांना पडली तर किंमत किमान ३००. निम्मे वितरकाचे, उरलेल्या १५० मध्ये छपाई, फुकट दिलेल्या प्रती आणि परत आलेला मळका माल. १०० प्रतींसाठी वितरक शोधूही नका, थेट विका. आणि १९५४ च्या कायद्याप्रमाणे कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना एकेक प्रत ३० दिवसांत स्वखर्चाने पाठवायची असते. बरेच जण विसरतात.

बडोदेकरीण

खूपच नेमकं, आभार. थेट विकायचं तर बुक पोस्टने जाईल ना? आणि किंडल?

गठ्ठेवाला

नोंदणीकृत बुक पोस्ट डिसेंबर २०२४ मध्ये बंद झालं. १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' आहे: ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १००, वर कर. हा सुरुवातीचा दर, जाण्याआधी एकदा खिडकीवर विचारा. पुस्तकावर मुद्रक किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं हवं, आत जाहिरातीची पत्रकं नकोत. डेमी, १७६ पानं, ७० जीएसएम म्हणजे आतला कागद १८६ ग्रॅम, मुखपृष्ठ धरून २०० च्या थोडं वर, पाकिटासह सव्वादोनशे. पुठ्ठा बांधणी केलीत तर ३०० ओलांडाल.

किंडलवर मराठी ई-बुक चालतं, पण तिथली छापील प्रतीची सोय मराठीला नाही. आणि ई-बुक चढवण्याआधी खिळे_जुळारींनी सांगितलेला 'दर्या' पुन्हा शोधा, कारण छपाईच्या पीडीएफमध्ये केलेली दुरुस्ती मूळ फाइलमध्ये करायची राहून जाते.