आईला शेवटचा श्वास घरीच घ्यायचाय, सोबतीला जाणकार हवं (पुणे) – मदत हवी आहे

आईचा कॅन्सर यकृतात पसरलाय. आयसीयू नको, घरी हरिपाठ ऐकत जाऊ दे, असं ती स्पष्ट म्हणते. लिव्हिंग विल, म्हणजे शेवटी कोणते उपचार नकोत याचं इच्छापत्र, झालंय (2023 पासून दोन साक्षीदार आणि नोटरी पुरतात). वेदनांसाठी वारज्याच्या सिप्ला सेंटरमध्ये नाव नोंदवतोय.

पण नातेवाईक मरणाचा विषय काढला की "असं बोलू नये" म्हणतात. ती मात्र गंगाजलाचा गडू कुठल्या फडताळात आहे ते शांतपणे सांगते! तिच्याशी मोकळेपणी बोलणारं, शेवटी घशात घरघर लागली, पाणी उतरेना, तर काय करायचं ते आम्हाला शिकवणारं कोणी हवंय. परदेशात डेथ डूला म्हणून ओळखले जाणारे मदतनीस हेच करतात. पुण्यात मराठी बोलणारं असं कोणी माहीत आहे का? मानधन किती घेतात? आणि रात्री-अपरात्री मृत्यूचा दाखला द्यायला डॉक्टर घरी येतात का?