मदत हवी आहे: स्पेक्ट्रमच्या कॅसेटवरचा भूप आणि एका बिटातला तंबोरा

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे झेडएक्स स्पेक्ट्रम ४८केची (टीव्हीला जोडायचा जुना घरगुती कॉम्प्युटर, प्रोग्राम साध्या कॅसेटवर साठवणारा) एक कॅसेट आहे. १९८० च्या दशकाच्या शेवटी मिरजेला आमच्या घरी दादानं आणि मी मिळून केलेले प्रोग्राम तिच्यावर आहेत. भूपाचे अलंकार, त्याच रागातली एक छोटी बंदिश, आणि सुरांबरोबर पडद्याच्या काठाला रंगीत पट्टे पळवणारा एक डेमो. हे सगळं परत मिळवायचं आहे. शिवाय दादाला तेव्हा हवं होतं आणि राहून गेलं असं एक काम आता पुरं करायचं आहे. त्यासाठी जाणकारांची मदत हवी.

थोडी पार्श्वभूमी सांगते. मामा इंग्लंडला नोकरीला होता, त्यानं येताना रबरी बटणांचा स्पेक्ट्रम आणला. आमच्या टीव्हीला यूएचएफ लहरी पकडायची सोय नव्हती, तर यंत्रातून फक्त यूएचएफ सिग्नल यायचा. गल्लीतल्या टीव्ही दुरुस्तीवाल्या काकांनी आतून वेगळी तार काढून दिली तेव्हा कुठे चित्र दिसलं, तेही काळंपांढरं. म्हणजे रंगीत पट्ट्यांचा डेमो आम्ही कित्येक दिवस करड्या छटांतच पाहत होतो आणि रंग मनात धरत होतो. पुढे १९८८ मध्ये डेसिबेल्स कंपनीनं परवाना घेऊन डीबी स्पेक्ट्रम प्लस भारतात आणला. काही शाळांत १९८४ पासून क्लास या सरकारी संगणक-शिक्षण प्रकल्पातून बीबीसी मायक्रो हे कॉम्प्युटर आले होते. तरी आमच्या ओळखीत घरी कॉम्प्युटर असलेलं दुसरं कुणी नव्हतं. मामा कधीमधी इंग्रजी मासिकांचा गठ्ठा पाठवायचा, तोच आमचा गुरू.

आई गाणं शिकवायची, घरात पेटी आणि तंबोरा दोन्ही. त्यामुळे आम्हाला खेळांपेक्षा सूर वाजवणारी बीप ही आज्ञा जास्त आवडली. बीप १, ० म्हणजे एक सेकंदभर मध्य सप्तकातली पांढरी एक. पुढचा आकडा एकानं वाढवला की पेटीवर पुढची पट्टी, मग ती काळी असो की पांढरी. आई काळी पाचमध्ये गायची, म्हणजे वजा २. भूप म्हणजे ०, २, ४, ७, ९, १२. बंदिश डेटाच्या ओळींत लिहायची, षड्जाचा आकडा एका चलात वेगळा ठेवायचा, आणि तो एक आकडा बदलला की अख्खी बंदिश आईच्या पट्टीतून दादाच्या पट्टीत. ज्या दिवशी हे जमलं त्या दिवशी आम्हाला झालेला आनंद मला अजून नीट आठवतो. पेटीवर पट्टी बदलायची तर बोटं नव्यानं बसवावी लागतात. इथे एकाच आकड्यात काम झालं होतं.

पण आई ऐकून म्हणाली, गंधार चढा आहे. बरोबरच होतं, तो पेटीचा गंधार होता. तंबोऱ्यात ऐकू येतो तो गंधार त्याहून किंचित उतरलेला. स्पेक्ट्रमच्या पुस्तकात लिहिलं होतं की बीपला अपूर्णांकही चालतो, त्यामुळे दादा तासन् तास ३.८, ३.९ असे आकडे घालून आईला ऐकवत बसायचा. शेवटी कुठला आकडा ठरला ते त्या कॅसेटवर आहे. तो मला हवा आहे, कारण तो आईच्या कानानं ठरवलेला आहे. दादा आता नाही आणि आईला ऐकू येत नाही.

राहून गेलेलं काम तंबोऱ्याचं. बीप चालू असेपर्यंत यंत्र दुसरं काहीच करत नाही. शिवाय ४८केमध्ये ध्वनीसाठी वेगळी चिप नाही, पोर्ट २५४ या बाहेरच्या वाटेचा एक बिट (शून्य किंवा एक) स्पीकर आत-बाहेर करतो, बस्स. त्याच पोर्टाचे खालचे तीन बिट काठाचा रंग ठरवतात. पण मामानं पाठवलेल्या खेळांत टिम फॉलिन यांचं संगीत असलेला 'एजंट एक्स' (१९८६) होता आणि त्यात त्याच एका बिटातून एकाच वेळी कितीतरी सूर येत होते. दादा तो पुन्हा पुन्हा लावून ऐकायचा. याला जमतं तर सा-पचा तंबोरा का जमू नये, हा त्याचा प्रश्न होता, आणि तो अर्धवट लिहिलेला मशीन कोड (थेट प्रोसेसरच्या भाषेतला प्रोग्राम) त्याच कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला आहे.

कमोडोर ६४ या दुसऱ्या घरगुती कॉम्प्युटरवाल्यांकडे बॉब यानेस यांनी घडवलेली सिड चिप होती, तीन स्वतंत्र आवाज आणि वर फिल्टर. अमिगा कॉम्प्युटरला चार आवाज होते, आणि १९८७ मध्ये कार्स्टन ओबार्स्की यांचा अल्टिमेट साउंडट्रॅकर आल्यावर तिकडे घरोघरी ट्रॅकर संगीत (सुरांचे कोष्टक भरून रचलेलं) सुरू झालं. कॉम्प्युटरकडून चित्र आणि संगीत करून घेणाऱ्या या डेमोकलेला युरोपात आता मान आहे. फिनलंडनं २०२० मध्ये ती आपल्या जिवंत वारशाच्या राष्ट्रीय यादीत घेतली. आमच्यासारख्यांना ना मोडेम होता, ना जमून दाखवायला माणसं. जे केलं ते कॅसेटवरच राहिलं. माझ्या मते तेही तितकंच जपण्यासारखं आहे, आणि अशा कॅसेटी महाराष्ट्रात आणखी काही घरांत नक्की असतील.

आता अडचण. कॅसेटची पहिली बाजू मी एका दुकानातून डिजिटल करून घेतली. त्यांनी 'आवाज स्वच्छ करून' एमपी३ दिलं. लॅपटॉपवर फ्यूज या एम्युलेटरमध्ये (स्पेक्ट्रमची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) घातलं तर प्रोग्रामचं नाव दिसतं, निळे-पिवळे पट्टे येतात, आणि मग 'आर टेप लोडिंग एरर'. फितीच्या कडेला पांढुरकं काहीतरी दिसतंय म्हणून दुसरी बाजू अजून वाजवलेली नाही.

तर कॅसेट कशी वाचवू? काही भाग गेलाच असेल तर डेटाच्या ओळींतले आकडे तरी मिळतील का? आणि ४८केवर, त्याच एका बिटात, खाली सा-प आणि वर बंदिश कशी वाजवता येईल? मोबाइलवर तंबोऱ्याची ॲप आहेत हे ठाऊक आहे, ती मी शिकवताना वापरते. मला हे त्याच यंत्रावर हवं आहे.

आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद १

ताई, दुसरी बाजू वाजवली नाहीत हे उत्तम केलंत. पांढुरकं आहे ती बहुधा बुरशी. तशीच वाजवली तर हेडला चिकटते आणि फितीवर आणखी पसरते. आधी कोरड्या जागी ठेवा, मग कॅसेट उघडून फीत दुसऱ्या, स्क्रूवाल्या चांगल्या खोक्यात घाला. जुन्या खोक्यात फितीमागचा नमद्याचा तुकडा बहुतेक गळून पडलेला असतो, आणि तो नसेल तर फीत हेडला नीट टेकत नाही. बुरशी मऊ कोरड्या कापडानं हळूच काढायची, ओलं काही लावू नका.

वाजवताना डेकवरचं डॉल्बी (खरखर कमी करणारं बटण) बंद. लोडिंगच्या सुरुवातीला लांब एकसुरी शिट्टी असते ना, ती चालू असताना हेडशेजारचा बारीक स्क्रू किंचित फिरवून पाहा. जिथे शिट्टी सगळ्यात धारदार वाटेल तिथे थांबा. दर वेगळ्या टेपरेकॉर्डरवर भरलेल्या कॅसेटला हे पुन्हा करावं लागतं. ४४.१ किलोहर्ट्झला सरळ वेव्ह फाइल करा, एमपी३ नको. स्टिरिओ डेक असेल तर दोन्ही चॅनल मिसळू नका, डाव्या-उजव्यातला जो चांगला तो एकच घ्या.

तुमच्या दुकानवाल्यांनी जे 'स्वच्छ' केलं तिथेच घोळ आहे. स्पेक्ट्रम सूर ऐकत नाही, तो कडांमधलं अंतर मोजतो. शून्याच्या दोन अर्ध्या लाटांची लांबी प्रत्येकी ८५५ टी-स्टेट (प्रोसेसरच्या घड्याळाचे ठोके), एकच्या बरोबर दुप्पट, १७१०. खरखर काढणारं सॉफ्टवेअर लाट गुळगुळीत करतं आणि कडा सरकतात. माणसाच्या कानाला खरखर नको असते, यंत्राला ती चालते. नवी वेव्ह फाइल झाली की वेव्हवरून टॅप फाइल (फितीवरचे बाइट असलेली फाइल) करणारं एखादं साधन वापरून ती बनवा.

आणि आकड्यांबद्दल निश्चिंत राहा. स्पेक्ट्रमचं बेसिक प्रत्येक संख्या दोनदा साठवतं: एकदा तुम्ही टाइप केलेले अंक, आणि त्याच्या लगेच मागे कोड १४ व पाच बाइटांत तीच संख्या यंत्राच्या रूपात. लिस्टमध्ये दुसरं रूप दिसत नाही, पण फाइलमध्ये असतं. एक खराब झालं तर दुसऱ्यावरून मिळवता येतं. टॅप फाइल हेक्स एडिटरमध्ये (फाइलचे बाइट आकड्यांत दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडा, डेटा या शब्दाचा कोड २२८, बीपचा २१५. ते सापडले की ओळी हातानं वाचता येतील. ब्लॉकच्या शेवटी तपासणीचा एक बाइट असतो. तो जुळला नाही की स्पेक्ट्रम एरर देऊन थांबतो, पण तोवर आलेले बाइट बहुतेक बरोबरच असतात.

प्रतिसाद २

कॅसेटचं वर आलंच आहे, मी गंधार आणि तंबोऱ्याबद्दल लिहितो.

तंबोऱ्यातला गंधार म्हणजे षड्जाच्या सव्वापट कंपनं. पट्ट्यांच्या हिशेबात तो ३.८६ येतो. पण स्पेक्ट्रमचं रॉम (यंत्रातला कायमचा प्रोग्राम) अपूर्णांकासाठी सरळ रेषेचं गणित करतं, खऱ्या वक्राचं नाही. त्यामुळे ३.८६ दिलंत तर सूर किंचित खाली पडतो. अचूक सव्वापट हवं तर ३.८८५ द्या. धैवत षड्जाच्या पाच-तृतीयांश पट हवा असेल तर ८.८६ च्या आसपास. फरक दोन सेंटांच्या (एका पट्टीचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) आतबाहेर आहे, पण तुमच्या आई जिथे ऐकत होत्या तिथे तो कळला असेल. दादांचा आकडा ३.८८ च्या जवळ निघाला तर कृपया इथे नक्की सांगा.

आता तंबोरा. बीप विसरा, मशीन कोड लागेल. स्पेक्ट्रमच्या ३.५ मेगाहर्ट्झच्या झेड८० प्रोसेसरवर एक छोटा लूप (पुन्हा पुन्हा फिरणारा कोड) ठेवायचा, त्यात प्रत्येक सुराला एक मोजणी. मोजणी संपली की स्पीकरला एक अगदी अरुंद ठोका द्यायचा आणि लगेच बिट खाली. ठोके अरुंद असले की दोन सुरांचे ठोके एकमेकांवर क्वचितच पडतात, म्हणून दोन्ही वेगळे ऐकू येतात. रुंद चौकोनी लाटा घेतल्या तर सगळा गोंगाट होतो.

यातली मला फार आवडणारी गोष्ट अशी: अरुंद ठोक्यात वरचे स्वयंभू स्वर भरपूर असतात, खालचे-वरचे जवळजवळ सारख्याच जोरानं. तंबोऱ्याची जवारी नेमकं हेच करते, घोडीवर तारेखाली दोरा सरकवून वरचे स्वर उघडते. तुमच्या मिरजेचे तंबोरे करणारे आयुष्यभर ज्या गुणासाठी घोडी घासतात तो या यंत्रात आयता आहे. व्हायोलिनसाठी हा बीपर (एका बिटाचा स्पीकर) कठीण, तंबोऱ्यासाठी मला तर योग्यच वाटतो.

दोन पथ्यं पाळा. इंटरप्ट (प्रोसेसरला ठरावीक वेळी दुसऱ्या कामाला वळवणारा इशारा) बंद ठेवा, नाहीतर सेकंदाला ५० वेळा खंड पडून वेगळीच गुणगुण येईल. आणि कोड ३२७६८ च्या वरच्या मेमरीत ठेवा. रॅमच्या खालच्या १६केमध्ये पडदा रंगवणारी यूएलए चिप प्रोसेसरला मध्येमध्ये थांबवते आणि सूर थरथरतो. दादांचा कोड अडला असेल तर बहुतेक इथेच.

तयार साधन म्हणाल तर बीपोला आणि १ट्रॅकर आहेत, शिकायला चांगली. पण ट्रॅकर बारा पट्ट्यांच्या कोष्टकावर चालतात. तुमच्या गंधारासाठी मोजणीचे आकडे स्वतःच काढावे लागतील.

प्रतिसाद ३

मी जर्मनीत असतो. इथे झारब्रुकेनला दर ईस्टरला रिव्हिजन नावाचा डेमोमेळा भरतो आणि जुन्या यंत्रांसाठी वेगळी स्पर्धा असते. सभागृह भरलेलं असतं, आणि एखादा चांगला बीपर तुकडा लागला की लोक उभे राहतात. तुमच्या दादांचा भूप तिथे ऐकवावा असं फार वाटतं. पूर्ण झाला तर मला कळवा, नावनोंदणी आणि फाइलच्या नियमांत मदत करीन. नाव अर्थातच त्यांचं आणि तुमचं.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. फीत नव्या खोक्यात घातली, स्क्रू फिरवला, वेव्ह फाइल केली. पहिली बाजू तपासणीच्या बाइटसकट पूर्ण वाचली गेली. गंधार ३.८८ आहे. धैवत दादानं ८.९ ठेवलाय.

दुसऱ्या बाजूचा कोड अर्धाच आला, पण पत्ता दिसतोय: २५००० च्या आसपास. म्हणजे तुम्ही म्हणालात तसंच, खालच्या मेमरीत. तो मी वर हलवून पुन्हा लिहायला घेतला आहे, सा आणि प एकत्र वाजायला लागले.

एकच विचारायचं राहिलं. तंबोऱ्याची तार छेडली की सूर मोठा उठतो आणि विरत जातो. इथे बिट एकच, आवाज लहान-मोठा करायची सोय नाही. मग प, सा, सा, खर्ज असा क्रम कसा ऐकवायचा?

प्रतिसाद २

३.८८! काय कान होता आईंचा.

तार विरण्यासाठी ठोक्याची रुंदी वापरा. ठोका जितका अरुंद तितका आवाज बारीक. छेडताना प्रत्येक तारेची रुंदी थोडी जास्त ठेवा आणि लूपच्या ठरावीक फेऱ्यांनंतर एकेक पायरी कमी करत न्या, पण शून्यावर आणू नका, तार पुढच्या छेडेपर्यंत गुंजत राहिली पाहिजे. चारही तारांना चार मोजण्या जड जातील. दोन्ही मधल्या सांसाठी एकच मोजणी ठेवून तिची रुंदी दोनदा वाढवा, काम होईल. लूपच्या दोन्ही वाटांना (ठोका देणारी आणि न देणारी) लागणारे टी-स्टेट सारखे आहेत ना ते मोजून घ्या, आणि अडलं तर कोड इथेच टाका.