कळसूबाई: रात्रीपेक्षा आडवार बरा

‘कळसूबाई रात्री चढा, ऊन लागत नाही’ असा सल्ला दिला जातो, तो खरा आहे. पण शनिवारी रात्री पायथ्याच्या बारी गावातून निघालात, तर सूर्योदय पाहून उतरणारे आणि पहाटे निघालेले एकाच लोखंडी शिडीवर समोरासमोर येतात. मागच्या डिसेंबरात आम्ही एका शिडीखाली पाऊण तास उभे होतो. वर एकाचा पाय लटपटत होता, खाली सगळे सल्ले देत होते.

आता आम्ही मधल्या वारीच जातो. सहाला सुरुवात, नऊ-साडेनऊला माथा (१६४६ मीटर), आणि अलंग-मदन-कुलंग हे किल्ले समोर स्वच्छ. हो, लोकरीचे हातमोजे नकोत. दवाने ओल्या गजांवरून घसरतात, माझा हात सुटता सुटता राहिला.